स्नूकर, सट्टा आणि सचोटी

मुंबईत बॉम्बे जिमखाना स्थापन झाला ते १८७५ हेच साल जबलपूरच्या लष्करी छावणीत स्नूकरचा जन्म झाल्याचे साल म्हणून सांगितले जाते. नेव्हिल चेंबरलेन या तरुण इंग्रज अंमलदाराने त्या वेळी प्रचलित असलेल्या ब्लॅक पूल या खेळात निरनिराळ्या रंगांच्या चेंडूंची भर घातली, आणि पुढे १८८२ मध्ये उटकमंडच्या क्लबात या खेळाचे नियम लेखी झाले. आपल्याच भूमीवर जन्मलेल्या या खेळाचे आजचे दफ्तर सट्टा, निलंबन आणि आजन्म बंदी या शब्दांनी भरून जावे, याचे दुःख ज्यांनी हा खेळ मनापासून पाहिला आहे त्यांस विशेषच होते.

महाराष्ट्राने मुख्यतः जोपासली ती हौशी परंपरा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात स्नूकरशी नाते सांगणाऱ्या बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद मिळवले आणि क्रीडाक्षेत्रात असा मान संपादन करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा ते पद जिंकले. पंचाच्या नजरेतून सुटलेला फाउल खेळाडूने स्वतः होऊन कबूल करावा, हा या दोन्ही खेळांचा जुना दस्तूर असून, माझ्या मते एखाद्या मोठ्या ब्रेकपेक्षा, म्हणजे एका पाळीतील सलग गुणांपेक्षा, त्याची किंमत अधिक आहे.

परंतु स्नूकर हा खेळ मुळातच खर्चिक आहे. रेवदंड्यासारख्या समुद्रकाठच्या गावी, जेथे आषाढ-श्रावणात कपाटातील पुस्तकांनाही बुरशी धरते, तेथे बारा फूट लांब, सहा फूट रुंद, आत शिळेच्या लाद्या असलेले आणि टनाहून अधिक वजनाचे टेबल सुस्थितीत राखणे हे किती जिकिरीचे काम आहे याची कल्पना सहज करता येईल. टेबलावरील लोकरी कापड हवेतील ओल शोषून घेते, चेंडू जड धावतो, कुशनवरून परतण्याची त्याची चाल बदलते. म्हणून तर मोठ्या व्यावसायिक स्पर्धांत टेबलास खालून ऊब देण्याची व्यवस्था असते. चौल-रेवदंड्याच्या एखाद्या मुलास या खेळाचा ध्यास लागलाच, तर नियमित व कसून सरावासाठी मांडव्याहून बोट धरून मुंबई गाठण्यावाचून त्यास फारसा तरणोपाय नाही. आणि मुंबईतून पुढची, व्यावसायिक खेळाची वाट जाते ती इंग्लंडात.

त्या वाटेने गेलेल्यांत मुंबईच्या आदित्य मेहता यांचे नाव अग्रभागी आहे. २०१३ साली दिल्लीत भरलेल्या इंडियन ओपनमध्ये त्यांनी अंतिम फेरी गाठली. व्यावसायिक मानांकन स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारे ते पहिलेच भारतीय होत. तेथे चीनच्या डिंग जुनहुईने त्यांस ५-० असे हरवले, पण पुढच्याच वर्षी जर्मनीतील एका स्पर्धेत त्यांनी १४७ गुणांचा परिपूर्ण ब्रेक केला. पुण्यात जन्मलेले पंकज अडवाणी २०१२ मध्ये त्याच व्यावसायिक मंडलात उतरले आणि २०१४ मध्ये तेथे खेळण्याचा हक्क सोडून स्वदेशी परतले. असे गुणवंतही जेथे दीर्घकाळ टिकले नाहीत, तेथे परदेशातील भाडे, प्रवास, शिकवणी आणि सराव यांचा बोजा तळच्या क्रमांकावरील खेळाडूस किती जाचक होत असेल! पहिल्याच फेरीत हरणाऱ्याच्या हाती बहुतेक स्पर्धांत काहीच पडत नसे. संयोजकांनी २०२२ मध्ये प्रत्येक व्यावसायिकास हंगामास वीस हजार पौंडांची हमी देऊ केली खरी. परंतु तोवर सट्टा खेळात शिरून व्हायचा तो अनर्थ होऊन चुकला होता.

लोभ हे सट्ट्याच्या शिरकावाचे एक कारण असेल, पण ते एकमेव नव्हे. १९७६ ते २००५ पर्यंत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेस एम्बसी या सिगारेटचा आश्रय होता; तंबाखूच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी येताच ती जागा पैजेच्या कंपन्यांनी घेतली. ज्यांचा धंदाच निकालावर पैसे लावण्याचा, त्यांच्याच नावाच्या फलकाखाली निकाल निर्मळ राहावा अशी अपेक्षा बाळगणे मला तरी विसंगत वाटते. शिवाय स्नूकरमध्ये चेंडू पॉकेटच्या ओठावरून केसभर चुकला, तर तो हात थरथरल्याने चुकला की ठरवून चुकवला, हे टेबलाकडे पाहून कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. गुन्हा शाबीत होतो तो पैजांच्या नोंदी आणि फोनवरील संदेश यांवरून.

असाच मोठा तपास जून २०२३ मध्ये पुरा झाला. दहा चिनी खेळाडू दोषी ठरले. लिआंग वेनबो आणि ली हांग यांस आजन्म बंदी झाली, २०२१ चा मास्टर्स विजेता यान बिंगताव यास पाच वर्षांची, तर झाओ शिनतोंग यास वीस महिन्यांची. झाओने स्वतःचा सामना विकला नव्हता. दुसऱ्याने ठरवलेल्या सामन्यांत सामील होणे आणि पैजा लावणे हा त्याचा कसूर होता, आणि तो त्याने कबूल केला. मुदत संपल्यावर हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेऱ्यांपासून आरंभ करून मे २०२५ मध्ये त्याने शेफिल्डच्या क्रुसिबलमध्ये मार्क विल्यम्सचा १८-१२ असा पराभव केला आणि आशियाचा पहिला जगज्जेता होण्याचा मान मिळवला. काहींस हे रुचले नाही. मला मात्र त्यात न्यायच दिसतो, कारण शिक्षा कसुराच्या प्रमाणात झाली होती आणि ती त्याने पुरी भोगली होती.

आपल्याकडे कायदा अजून अपुरा आहे. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा; सामना ठरवून हरणे हा दंडसंहितेखालील फसवणुकीचा गुन्हा होत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने क्रिकेटच्या एका प्रकरणात जानेवारी २०२२ मध्ये म्हटले; आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैशांवरच्या ऑनलाइन खेळांपुरता आहे. तेव्हा स्वतंत्र कायद्याची वाट न पाहता जिमखान्यांनी आणि राज्य संघटनेने एवढे तरी तातडीने करावे: वेल्सचा स्नूकरपटू जेमी जोन्स याच्यावरील सामना ठरवल्याचा आरोप टिकला नाही, तरी कानावर आलेली गोष्ट त्याने कळवली नाही एवढ्यासाठी त्यास वर्षभर घरी बसावे लागले, हे कुमार गटातील प्रत्येक मुलास क्यू हाती देतानाच समजावून सांगावे, आणि सामना ठरवण्याचा निरोप आल्यास तो निर्धास्तपणे कोणापाशी सांगायचा त्या माणसाचे नाव क्लबाच्या फलकावर लावावे.