बंदिवासाचा हिशेब

वर्धा जिल्ह्यात एके काळी तुरुंगात जाऊन येणे ही लाजेची गोष्ट मानली जात नसे. सेवाग्रामहून आणि पवनारहून माणसे सत्याग्रहाला निघत, शिक्षा भोगून परत येत, आणि परतलेल्या माणसाला गावात पूर्वीपेक्षा अधिकच मान मिळे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये आष्टीला जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला, गोळीबारात माणसे पडली, जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. आणि पुढे आष्टी व चांदा जिल्ह्यातील चिमूर येथील खटल्यांत फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, तेव्हा नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी अर्ज, भेटीगाठी आणि लोकमत यांचा असा रेटा लावला, की १९४५ मध्ये फाशीच्या छायेत उरलेल्यांचे प्राण अखेर वाचले.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ रोजी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. किमान सहा महिन्यांचा कारावास ही तिची मुख्य अट होती. स्त्रियांना आणि अनुसूचित जातिजमातींच्या अर्जदारांना ही मुदत पुढे तीन महिन्यांवर आणण्यात आली. इंग्रजी अमदानीतील तुरुंगांची दप्तरे पुष्कळ ठिकाणी गहाळ झाली होती, हे ध्यानी घेऊन सरकारने बरोबरच्या बंदीचा किंवा आमदार-खासदारांचा दाखलाही पुराव्यादाखल मान्य केला. पुढे २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने आणीबाणीत बंदिवास भोगलेल्यांना दरमहा मानधन देण्याचे ठरविले : एक महिन्याहून अधिक काळ तुरुंगात असलेल्यास दहा हजार रुपये, त्याहून कमी काळ असलेल्यास पाच हजार, आणि त्यांच्या पश्चात पतीला किंवा पत्नीला त्याच्या निम्मे. ही योजना २०२० मध्ये बंद पडली आणि २०२२ मध्ये पुन्हा चालू झाली. ती योग्य की अयोग्य या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. तुरुंगातील दिवस मोजून त्याबद्दल माणसाला काही देणे आपल्या राज्यव्यवस्थेला पुरते अवगत आहे, तिने ते दोनदा केले आहे, आणि पुरावा अपुरा असताही केले आहे, एवढेच नोंदवून पुढे जाऊ.

कारण बंदिवानांचा आणखी एक वर्ग आहे, ज्याच्या दिवसांचा हिशेब कोणीच मांडत नाही. त्याने सत्याग्रह केलेला नसतो, आणि गुन्हाही केलेला नसतो.

नाशिकनजीक जून २००३ मध्ये एका पेरूच्या बागेत दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला आणि अत्याचारही झाले. या प्रकरणी भटक्या जमातीतील सहा मजुरांना पकडण्यात आले. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांना जन्मठेप दिली. आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून पुन्हा सहाही जणांच्या गळ्यात फास अडकविला. त्यानंतर दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष ठरविले. त्या रात्री वाचलेल्या साक्षीदार बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून चार निराळ्याच माणसांना ओळखले होते. तो जबाब कागदावर असताना सरकार पक्षाने तो न्यायालयापुढे आणला नाही, आणि त्या चौघांचा तपासही झाला नाही. आरोपी भटके आणि अत्यंत गरीब मजूर होते, त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. या सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता.

सोळा वर्षे तुरुंगात गेल्यावर न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा हुकूम केला. वर्षाचे सुमारे एकतीस हजार, दिवसाचे पंचाऐंशी रुपये. आणि हेही मिळाले ते न्यायमूर्तींच्या मनात आले म्हणून. कारण दोषमुक्त झालेल्या माणसाला भरपाईचा हक्क देणारा कायदा आपल्याकडे नाही. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने, निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात डांबून ठेवलेल्या बिहारमधील एका माणसाला पस्तीस हजार रुपये देवविले, तेव्हापासून घटनेच्या आधारे अशी भरपाई मागता येते खरी. परंतु त्यासाठी पुन्हा वकील, पुन्हा वकीलपत्र, पुन्हा तारखा. जो नुकताच न्यायालयाच्या पायऱ्या उतरून आला आहे, त्यालाच त्या पुन्हा चढायला सांगणे, असा हा उपाय आहे. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून अमलात आली, विनाकारण अटक करविल्याबद्दल भरपाईचे एक कलम आहे. तिची कमाल मर्यादा एक हजार रुपये आहे, आणि ते पैसेही सरकारने नव्हे, अटक करविणाऱ्या खाजगी इसमाने द्यावयाचे आहेत.

रकमेचा विचार करताना घरच्यांचा हिशेब सहसा सुटतो. आर्वी किंवा कारंजा तालुक्यातील एखाद्या मजुराला वर्ध्याच्या सत्र न्यायालयात मोठी शिक्षा झाली, की तो सहसा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात जातो आणि त्याचे अपील नागपूर खंडपीठात. तेव्हापासून त्याच्या बायकोचे आयुष्य मुलाखतीच्या दिवसाभोवती फिरू लागते. पहाटेची एसटी, दिवसाची मजुरी बुडालेली, कारागृहाच्या दाराशी नाव नोंदविण्याची रांग, आधारकार्डाची झेरॉक्स विसरली तर आल्या पावली परत. आणि एवढ्या खटाटोपानंतर काही मिनिटांचे बोलणे, त्यातही निम्मे वकिलाच्या फीविषयी. वावर असलेच तर ते मक्त्याने दिले जाते, मग गहाण पडते. मुलाचे शिक्षण सुटते. ‘गळाभेट’ नावाचा एक चांगला उपक्रम राज्यातील कारागृहांत होतो, त्यात कैद्याला आपल्या लहान मुलांना जवळ घेता येते. पण बाप पुन्हा भेटेपर्यंत मूल लहान राहिलेले असतेच असे नाही. शेजारीपाजारी म्हणतात, ‘काई तरी केलंच असन, उगाच कोनी नेते का!’ आणि पारध्याचा बेडा असेल तर तेही म्हणण्याची कोणाला गरज वाटत नाही. १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविलेल्या जमातींवरचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला, मनांतून नाही.

मग एक दिवस तो सुटतो. येथे आपल्या व्यवस्थेतील एक विसंगती दिसते, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. शिक्षा पुरी करून सुटणाऱ्या कैद्यासाठी निदान परिवीक्षा अधिकारी, जिल्हा परिवीक्षा व अनुरक्षण संघटना, अशी एक जुनी, अशक्त का होईना, यंत्रणा आहे. त्याच्या सुटकेची तारीख आधी ठाऊक असते, तिची तयारी करता येते. निर्दोष ठरलेला माणूस मात्र न्यायालयाचा हुकूम कारागृहात पोचताच एकाएकी दाराबाहेर उभा असतो. नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितला की जुना गुन्हा पुन्हा वर येतो. आणि २०१६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयानुसार, सुटका संशयाच्या फायद्याने झाली असेल तर नोकरी देणाऱ्याला ती बाब विचारात घेता येते. आपली न्यायालये ‘संशयाचा फायदा’ हे शब्द शिरस्त्याने वापरतात, आणि त्या एका शिरस्त्याने निर्दोष माणसाच्या अंगाला राख चिकटून राहते.

केवळ गरीब आणि अशिक्षितांचीच ही गत होते असे नाही. दिल्लीतील इंग्रजीचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा, नव्वद टक्के अपंग आणि चाकांच्या खुर्चीवर विसंबलेले, यांना मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या न्यायालयाने जन्मठेप दिली. ते नागपूरच्या कारागृहात असताना त्यांची आई वारली, तिच्या अंत्यदर्शनाला त्यांना जाता आले नाही. महाविद्यालयाने नोकरीवरून काढले. त्यांच्याबरोबर शिक्षा झालेला गडचिरोलीचा एक तरुण आदिवासी २०२२ मध्ये कैदेतच मरण पावला. ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने साईबाबांना आणि इतर सर्वांना दोषमुक्त केले, मेलेल्या त्या तरुणासह. साईबाबा बाहेर आले आणि १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, सात महिन्यांतच, हैदराबादेत वारले. त्यांना भरपाई द्यायची झाली तरी ती आता कोणाला?

विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात या साऱ्याचा विचार केला आहे. भरपाईसाठी खास न्यायालये, निकालापूर्वी अंतरिम मदत, समुपदेशन, व्यवसायशिक्षण, नोकरीतील अपात्रता दूर करणे, अशा शिफारशी त्यात आहेत. त्या अजून शिफारशीच आहेत. शिवाय आयोगाने तपासात दुष्ट हेतू किंवा बेफिकिरी होती हे दाखविण्याचा भार पीडितावर ठेवला आहे, आणि हे मला मान्य होत नाही. जर्मनीत २०२० पासून चुकीने कोठडीत गेलेल्या दर दिवसाचे पंचाहत्तर युरो मिळतात, आणि ते केवळ मनस्तापाचे. बुडालेली कमाई निराळी. तेथे चूक कोणाची हे अर्जदाराला सिद्ध करावे लागत नाही. अपीलात न्यायालयाने दोषमुक्त केले, यापेक्षा अधिक पुरावा त्या माणसाने आणावा तरी कोठून?

स्वातंत्र्यसैनिकांना दिले ते कृतज्ञतेपोटी दिले, आणि कृतज्ञता ऐच्छिक असते. येथे राज्याने स्वतःच्या हाताने माणसाचे आयुष्य नेले आहे. तुरुंगाचे दप्तर शाबूत आहे, प्रवेशाची व सुटकेची तारीख नोंदलेली आहे. १९७२ मध्ये आमदारांच्या दाखल्यावर भागवावे लागले, तसे आज काही करावे लागत नाही.

महाराष्ट्राने यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. आणीबाणीतील बंदींचे मानधन साध्या शासन निर्णयाने सुरू झाले, तसे हेही करता येईल : अपीलात दोषमुक्त झालेल्या प्रत्येकाला कैदेच्या दिवसांप्रमाणे ठरलेली रक्कम, तो हयात नसेल तर वारसांना, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत शिधापत्रिका, चारित्र्याचा दाखला, मुलांची शाळा, औषधोपचार यांची व्यवस्था. कैद्यांच्या कुटुंबांत काम करणाऱ्या संस्था विदर्भात आहेत, त्यांना हाताशी धरावे. वर्ध्याच्या वाचकांना एवढेच सुचवितो की आपल्या तालुक्यातील असा एखादा सुटून आलेला माणूस ठाऊक असेल, तर त्याला निकालाची प्रमाणित प्रत आणि कारागृहाचा दाखला घेऊन विधी सेवा प्राधिकरणात न्यावे, अर्ज लिहून द्यावा, पोच घ्यावी. आणि त्या अर्जाची एक प्रत आपल्या आमदाराच्या हाती ठेवावी.