ताईच्या फोनसाठी मांडलेली स्क्रीन

मी काही कॉम्प्युटरवाला नव्हे. मुलाकडे न्यू जर्सीत राहतो आणि वेळ बरा जावा म्हणून वडिलांच्या जुन्या वहीतली घराण्याची माहिती टाइप करतो. दर रविवारी सकाळी दहाला माझी मोठी बहीण लोदहून व्हिडिओवर येते, तेव्हा तिच्याकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. रेवदंड्याचं घर, आजोबांचा घाणा, कोणाचं लग्न कोणाशी झालं, हे सगळं आता फक्त तिलाच ठाऊक आहे.

मागच्या हिवाळ्यात एक गोष्ट झाली. एका जुन्या फोटोतल्या बाईंचं नाव तिला आठवलं. मी फोटो बंद करून लिहायचं पान शोधू लागलो. ते सापडेना, मग चष्मा सापडेना. "काय म्हणालीस ताई?" विचारलं तर म्हणाली, "जाऊ दे रे, पुढच्या वेळी सांगते." पुढच्या वेळी ते नाव तिला आठवलं नाही.

नातीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही एका वेळी एकच पान उघडता, तिथेच चुकतं." मी ऑब्सिडियन नावाचं नोंदींचं ॲप वापरतो. घरगुती वापराला ते फुकट आहे, आणि आपण लिहिलेलं आपल्याच कॉम्प्युटरवर साध्या फायलींत राहतं. तिने शिकवलं ते तुम्हालाही सांगतो.

आधी टॅब. जुन्या फायलींतल्या कार्डांना वर कान असायचे, तो धरला की हवं ते कार्ड निघायचं. स्क्रीनच्या वरच्या बाजूला तसेच कान दिसतात. कंट्रोल आणि टी दाबलं की नवा टॅब उघडतो. कंट्रोल दाबून एखाद्या दुव्यावर क्लिक केलं तर ते पान वेगळ्या टॅबमध्ये येतं, पहिलं जागेवर राहतं. (मॅकवाल्यांनी कंट्रोलऐवजी कमांड दाबावं.) आणि टॅबवरची फुली दाबली म्हणून लिहिलेलं पुसलं जात नाही हो! मी सहा महिने त्या फुलीला घाबरून होतो, चाळीस-चाळीस टॅब उघडे असायचे. फुलीने पान फक्त मिटतं, फाइल कपाटात असतेच. चुकून मिटलंच तर कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकत्र दाबा, परत येतं.

आता खरी कामाची गोष्ट. टॅबचा कान माउसने धरून स्क्रीनच्या उजव्या कडेकडे ओढत न्या. तिथे अर्धी जागा रंगीत झालेली दिसली की सोडा. स्क्रीनचे दोन भाग होतात. डावीकडे फोटो, उजवीकडे लिहायचं पान. ओढताना हात थरथरत असेल तर टॅबवर उजवं बटण दाबून "स्प्लिट राइट" निवडा. मग तेच पान दोन्हीकडे दिसतं, त्यातलं एक बदलून घ्यायचं. मधली रेघ ओढून भाग लहान-मोठे करता येतात. तीन-चार भागही करता येतात, पण आपल्या वयाला दोन पुरेत, अक्षर मोठं राहतं. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की ते आणखी वाढतं.

यात एक खोच आहे. डावीकडच्या यादीतून नवी नोंद उघडली की ती आपण शेवटी ज्या भागात क्लिक केलं असेल तिथे येते, आणि तिथलं पान झाकलं जातं. माझा फोटो असाच गायब व्हायचा. उपाय म्हणजे त्या टॅबवर उजवं बटण दाबून "पिन" करायचं, टाचणी मारल्यासारखं. मग नवी नोंद शेजारी वेगळ्या टॅबमध्ये उघडते, फोटो हलत नाही.

दोन कागद शेजारी ठेवून बघायची हौस जुनीच आहे. जुलै 1945 मध्ये व्हॅनेव्हर बुश या अमेरिकन इंजिनियरने अटलांटिक मासिकात मेमेक्स नावाच्या काल्पनिक टेबलाचं वर्णन केलं, त्यात दोन पानं शेजारी-शेजारी दिसायची सोय होती. आपल्या लोकांना त्यात काय नवल! 1874 मध्ये पुण्यात छापलेल्या हगादात हिब्रूबरोबर मराठी होतीच.

घरात दुसरी मोठी स्क्रीन असेल तर टॅबवर उजवं बटण दाबून "मूव्ह टू न्यू विंडो" करा आणि ती खिडकी तिकडे न्या. फोनवर मात्र हे जमत नाही, तिथे एका वेळी एकच पान.

शेवटचं म्हणजे सगळी मांडणी जपून ठेवणं. सेटिंग्जमध्ये कोअर प्लगिन्सखाली "वर्कस्पेसेस" एकदा चालू करायचं. मग मांडणीला नाव देऊन ठेवता येते. मी "ताईचा फोन" असं नाव दिलंय. दहाला पाच कमी असताना ते उघडलं की फोटो डावीकडे, पान उजवीकडे. फोटो बदलला की मांडणी पुन्हा त्याच नावाने जपून ठेवायची, नाहीतर जुनाच फोटो समोर येतो.

गेल्या रविवारी तोच फोटो पिन करून बसलो होतो. बाईंचं नाव नाही आठवलं. पण ताई म्हणाली, "ह्या मळीद्याला नारळ खवायला यायच्या, रोह्याच्या." तेवढं बोलताबोलता लिहून घेतलं.