पूर्वेला कोण?

साडेदहा वाजलेत आणि मावशी लोणच्याच्या बरणीची दोरी सोडते आहे. लोंढ्याच्या पावसात नुसता दादरा पुरत नाही म्हणून यंदा तिने वरून कुरिअरची प्लॅस्टिकची पिशवी ओढून बांधली आहे. खानापूरहून आलेले बाँड रायटर समोर बाकावर बसलेत. पिशवीतली पॉवर त्यांच्या हातात आहे, तरी त्यांना पिशवीही हवी आहे.

"पिशवी कशाला गा? कागुद दिला की."

"तारीख तिच्यावर हाय, मावशी. परदेशातनं आलेल्या पॉवरला इथं पोचल्यापासनं तीन महिन्यांत स्टँप भरायला लागतोय. कवा पोचली म्हणून कुणी इचारलं तर काय लोणचं दाखवू?"

चिकटवलेल्या चिठ्ठीचा एक कोपरा तेलकट झालाय, पण तारीख वाचता येते. सव्वा महिना उलटून गेलाय. बाँड रायटर पिशवी खांद्यावरच्या टॉवेलने पुसतात, घडी घालतात आणि फायलीत ठेवतात.

पॉवर म्हणजे मुखत्यारपत्र. माझा मावसभाऊ कुवेतला नोकरीला आहे. शेजारचं चार गुंठ्यांतलं कौलारू घर विकायला निघालंय आणि ते त्याला घ्यायचंय. खरेदीला रजा मिळत नाही, म्हणून तिथल्या भारतीय वकिलातीत जाऊन, अधिकाऱ्यासमोर सही करून, त्याने आईला अधिकार दिलाय. पानापानावर गोल शिक्का, त्याची सही. मजकूर इंग्रजी, आणि त्यात अधिकार एवढ्या एकाच घरापुरता. म्हणजे खानापूरच्या सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत कॅमेऱ्यासमोर मावशी बसणार, अंगठा मावशीचा उठणार आणि घरावर नाव लागणार ते कुवेतमधल्या माणसाचं.

आज शुक्रवार, त्याला सुट्टी. फोन लागतो. तिथे आठ वाजलेत. पडद्यावर विस्कटलेले केस आणि हातात चहाचा कप.

"आई, शेताचं विचारलंस का?"

घरामागे दोन एकर भातशेती आहे, तीही त्याच मालकाची. भावाच्या डोक्यात ती पक्की बसलीय. "2020 साली कर्नाटकानं कायदा बदलला की. आता कुणीबी शेती घेऊ शकतंय," तो म्हणतो.

बाँड रायटर फोनकडे न बघता उत्तर देतात. "खरं हाय. पूर्वी शेतकरी न्हाई त्याला शेती घेता येत नव्हती, ते 79 ए, 79 बी कलम गेलं. खरं ते बेंगळूरचं झालं. तुमचा अडसर दिल्लीचा. परकीय चलनाच्या कायद्यात एनआरआयला घर चालतंय, दुकान चालतंय. शेती, मळा, फार्महाऊस इकत घेता येत न्हाई. वारशानं आली तर गोष्ट येगळी."

"मग माझ्या नावावर घेऊया की," मावशी म्हणते.

"पैसे कुणाचे?"

"त्येचेच."

"नाव तुमचं, पैसे त्येंचे. बेनामीची भानगड व्हायची. ते वकिलास्नी इचारल्याबिगर मी लिहिणार न्हाई." मग फोनकडे वळून, "आणि घराचे पैसे बँकेतनंच, तुमच्या एनआरई खात्यातनं. कुणाच्या हातात रोख द्यायला लावू नका."

भाऊ मान हलवतो. स्टेशनाकडून लांबलचक शिटी येते. मुरगावहून कोळसा घेऊन घाट चढून आलेली मालगाडी असावी. तिचे डबे संपेपर्यंत कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. या घरात बोलणं गाडीच्या मापाने थांबतं, त्याची सगळ्यांना सवय आहे. कुवेतमधलाही मुकाट थांबतो.

मावशी तेवढ्यात आतून पत्र्याची पेटी आणते. जुने कागद वर येतात. सर्वांत तळाला आजोबांच्या वेळचा उतारा, बाळबोध मराठीत, शाई तपकिरी पडलेली. तेव्हा इथे मुंबई राज्य होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगावाबरोबर खानापूर तालुका म्हैसूर राज्यात गेला आणि 1973 ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. पेटीत वर वर येत जावं तशी मराठी कमी होत जाते. सर्वांत वरचा ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा नमुना 9 आणि 11, बारकोडसकट, सगळा कन्नड. जमीन एकदाही हललेली नाही.

मावशीला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मी बेळगावच्या शाळेत शिकलोय, मला वाचता येतं. म्हणून खरेदीदस्ताचा कच्चा मसुदा माझ्या हातात येतो. सुरुवातीलाच अडतो. भावाचं आडनाव पासपोर्टवरच्या इंग्रजीवरून कन्नडात उतरवताना 'द'चा 'ड' झालाय. इंग्रजी 'डी' दोघांचंही काम करतो, कन्नड करत नाही.

"आत्ता सापडलं ते बरं," बाँड रायटर पेन काढतात. "दस्त झाल्यावर एका अक्षरापायी दुरुस्तीचा दुसरा दस्त करायला लागतोय."

मग चक्कुबंदी येते, म्हणजे आपली चतुःसीमा. कागदावर गट, चौरस फूट, नकाशा सगळं असलं तरी घर कुठलं हे शेवटी चार शेजारी सांगतात. "फोनवर दाखवा त्येंना," बाँड रायटर म्हणतात. आम्ही दोन छत्र्या घेऊन बाहेर पडतो. मावशी फोन पदराखाली धरते, मग भावाचा आवाज पदरातून येतो: "आई, मला काळोख दिसालाय."

उत्तरेला पंचायतीचा रस्ता. पश्चिमेला जांभ्या दगडाचा गडगा, त्यावर शेवाळ. पलीकडे बंद घर, पोरं गोव्यात. दक्षिणेला तेच भातशेत, चिखलणी झालेलं, पाण्यात आभाळ पडलेलं. बांधावर फणस. भाऊ म्हणतो, "थांब, फणसावर धर." मावशी धरते. पडद्यावर थेंब पडतात, ती पदराने पुसते, परत पडतात. दोन एकरांपैकी त्याला एवढंच बघता येतंय, आणि तो बराच वेळ बघतो.

"आता पूर्व," बाँड रायटर ओसरीवरून ओरडतात.

पूर्वेला काय, मावशीचं स्वतःचंच घर. तिथे दाखवायचं काय म्हणून आम्ही परत येतो. मी मसुदा घेतो आणि सरळ मोठ्याने वाचून टाकतो: पूर्वक्के, अमुक अमुक यांचं घर. नाव काकांचं आहे. काका जाऊन सहा वर्षं झाली.

मावशी पाय पुसता पुसता थांबते.

"जुन्या दस्तावरनं उतरलंय," बाँड रायटर हळू आवाजात म्हणतात. "खरं पंचायतीच्या कागदावरबी त्येंचंच नाव हाय, मावशी. वारसा लावलाच न्हाई तुमी?"

"लावायचं होतं. ह्यो आला की लावूया म्हटलं."

फोनमधून काही आवाज येत नाही.

बाँड रायटर काकांच्या नावाआधी एक शब्द लिहितात, मागे दोन शब्द जोडतात. मावशी त्या कन्नड अक्षरांवर बोट ठेवते. "काय वाढवलं गा?"

"दिवंगत," मी सांगतो. "आणि मागं, यांच्या वारसांचं घर."

"वारस म्हणजे?"

"तुमी आणि त्यो. दोघंबी," बाँड रायटर म्हणतात. "त्याला एनआरआयची आडकाठी न्हाई."

"आई," भाऊ म्हणतो, "आधी आपल्या घराचं करूया का? हे मागनं घेऊ."

मावशी बरणीकडे जाते. दादरा नीट ओढते, दोरीचे तीन वेढे घेते, गाठ मारते.

"पॉवरला तीनच महिने हायत," ती म्हणते. "आधी तुझं होऊ दे. ह्यांस्नी आता काय घाई न्हाई."