टेकुमेल : सर्वनामांतून साकारलेले विश्व

फासे व संभाषण यांवर चालणाऱ्या भूमिका-खेळांस एखादी कल्पित भूमी लागते. बहुधा नकाशा व राक्षस एवढ्यावर भागते. एम्. ए. आर्. बार्कर यांच्या ‘टेकुमेल’चा आधार मात्र भाषा होय. ऑरेगॉनमधील क्लॅमथ भाषेचे व्याकरण लिहिणारे बार्कर मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवीत. त्यांचा हा खेळ १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील त्सोल्यानी भाषेत श्रोत्याच्या दर्जानुसार द्वितीयपुरुषी सर्वनाम बदलते. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ बोलणाऱ्या मराठी भाषकास याचे नवल वाटू नये. भेद मात्र तेथे कितीतरी अधिक आहेत. पात्राने तोंड उघडताच उच्चनीचभाव प्रकट होतो, वर्णनाची गरजच उरत नाही. बार्कर २०१२ साली निवर्तले. त्यांनी १९९१ मध्ये टोपणनावाने नाझीधार्जिणी कादंबरी लिहिल्याचे २०२२ साली उघड झाले. तेव्हापासून कित्येक चाहत्यांना या भूमीत पाऊल टाकणे जड जाते.