निऑन टेट्रा ओळखावा कसा ?

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांतून निळे-तांबडे चार मासे आणून कांचेच्या पेटींत सोडले, कीं मुलें त्यांचें नांव विचारूं लागतात. दुकानदार 'निऑन' म्हणतो. पण तेवढ्यावर विसंबूं नये. जात चुकली, तर पाणीही चुकीचें मिळतें आणि मासा दगावतो.

प्रथम कुल पाहावें. आमच्या कोयनेच्या ओढ्यांत डॅनिओ नांवाचे चपळ, पट्टेदार मासे आढळतात. ते कार्प गटांतील असून त्यांच्या जबड्यांत दांत नसतात. ते घशांत असतात. टेट्रा हा दक्षिण अमेरिकेंतील कॅरॅसिन गटाचा. त्याच्या जबड्यांत बारीक दांत असतात, आणि पाठीवरील पर व शेपटी यांच्यामध्यें एक इवलासा चरबीचा पर असतो. डॅनिओस हा पर नसतो. आपल्याकडील शिंगाळ्यास तो असतो खरा, पण त्याला लांब मिशाही असतात. टेट्राला मिशा नसतात.

आतां जात पाहूं. निऑनचा तांबडा पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंतच असतो. तोच पट्टा डोक्यामागून शेपटीपर्यंत अखंड गेला असेल, तर तो कार्डिनल टेट्रा समजावा. ही पारख दिवसा करावी, कारण अंधारांत दोघांचेही रंग फिके पडतात. निऑनला 1936 सालीं मायर्स यांनीं शास्त्रीय नांव दिलें, कार्डिनलला 1956 सालीं शुल्ट्झ यांनीं. निऑनला किंचित् थंड पाणी मानवतें. कार्डिनल हा रिओ निग्रो नदीच्या उबदार पाण्याचा रहिवासी आहे.

शेवटीं एक विनंति. पेटी नकोशी झाली म्हणून हे मासे ओढ्यांत सोडूं नयेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठीं आणलेला दक्षिण अमेरिकेंतील गप्पी मासा आज महाराष्ट्रांतील अनेक नाल्यांत व तळ्यांत कायमचा वसला आहे. परक्या माशांबरोबर त्यांचे रोगही येतात. कोयना अभयारण्य 2012 सालीं पश्चिम घाटाच्या जागतिक वारशांत समाविष्ट झालें. सह्याद्रीच्या ओढ्यांतील कांहीं मासे जगांत अन्यत्र कोठेंही नाहींत. नको असलेला मासा दुकानदारास परत द्यावा, किंवा दुसऱ्या हौशी गृहस्थाच्या स्वाधीन करावा.