विजेच्या मोटारींतील कुरकुर

विजेच्या मोटारीस इंजिनाची घरघर नाहीं. म्हणून आंत वारा खेळविणाऱ्या पंख्याची कुरकुर कानास चटकन् बोचते, आणि मोठी बॅटरीच बिघडली कीं काय, अशी धास्ती घरांत पसरते. अशा वेळीं गाडी उभी ठेवून वातानुकूलन बंद करावें व नुसता पंखा कमीअधिक वेगानें चालवून ऐकावें. आवाज त्याबरोबर चढला-उतरला, तर दोष पंख्याचाच समजावा.

फडफड किंवा टकटक होत असेल, तर बहुधा पुढील कांचेच्या पायथ्याच्या जाळींतून शिरलेलें एखादें वाळकें पान पंख्याच्या पिंजऱ्यासारख्या चाकांत अडकलेलें असतें. हा पंखा पुष्कळ गाड्यांत चालकाशेजारच्या बैठकीपुढील कप्प्यामागें असतो. गाडी पूर्ण बंद करून तो उतरवावा, कचरा काढावा व हवेची गाळणीही तपासावी. सतत किंचाळी येत असल्यास आंतील आधार झिजलेला असतो. तेथें तेलाचा उपाय फार दिवस टिकत नाहीं, पंखाच बदलावा.

हें यंत्र सामान्यतः १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवर चालतें. परंतु नारिंगी तारांस घरीं कदापि हात लावूं नये.

पावसांत कांचेवर धरलेली वाफ हाच पंखा घालवितो. तो वाटेंत थांबला, तर समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. तेव्हां ही कुरकुर वेळींच ऐकावी, हें बरें.