ईसा नदी : नाव आणि आरोग्य

हैदराबादच्या पश्चिमेकडून येणाऱ्या ईसा या लहान नदीच्या नावाविषयी आम्हांला पुष्कळदा विचारणा होते. ईसा म्हणजे प्रभू येशू व मूसा म्हणजे मोशे; त्यांवरून ईसा आणि मुसी ही नावे पडली, असे लोक सांगतात. परंतु मुसीचे जुने नाव मुचकुंदा असे आहे.

मुसी विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावते. लंगर हौजजवळ ईसा तिला मिळते व पुढे हे पाणी वाडपल्लीस कृष्णेत जाते. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात हजारो माणसे दगावली. त्यानंतर मुसीवर उस्मानसागर (१९२०) व ईसेवर हिमायतसागर (१९२७) ही धरणे झाली.

शहराच्या खालच्या अंगाला मुसीत सांडपाणी मिसळते. त्यावर भात, पॅरा गवत व पालेभाज्या पिकतात. या पाण्यात खताचा अंश असतो, तशी कृमींची अंडी व रोगजंतूही असतात. अंकुशकृमीची अळी अनवाणी पायांच्या कातडीतून शरीरात शिरते आणि कृमी आतड्यातील रक्त शोषतो. त्यामुळे पंडुरोग होतो.

म्हणून शेतकरी बंधुभगिनींनी शेतात गमबूट वापरावेत व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. पालेभाजी काढण्यापूर्वी काही दिवस तिला हे पाणी देऊ नये. गृहिणींनी भाजी स्वच्छ पाण्याने धुऊन नीट शिजवावी. कच्ची खाऊ नये.

नदीला ईसा म्हणायचे आणि तिच्यात कचरा टाकायचा, हे आपणांस शोभत नाही.